पिंजऱ्याच्या तळाशी मिसेस पॅस्को

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डेस टकवेलने वॉटलब्रूकच्या शाळेच्या कुंपणावरून सहा प्रचारफलक काढले आणि ट्रेलरमध्ये टाकले. पोटनिवडणुकीचं मतदान आदल्या संध्याकाळी सहाला संपलं होतं. टास्मानियाच्या आमच्या भागात मतदान संपलं की फलक ज्याच्या हाती लागतील त्याचे. कोणी फलकांनी टोमॅटो झाकतं, कोणी कोंबड्यांचं खुराडं. मोजणी संपेपर्यंत कोणी थांबत नाही.

डेसला पिंजऱ्यासाठी तळ हवा होता. नऊ वर्षांच्या नातीने, इमोजेनने, आपले चार गिनीपिग त्याच्याकडे ठेवले होते. सुट्टी लागली की ती येत्या शनिवारी सकाळी दहाला येणार होती. तिला दोन मीटर लांबीचा पिंजरा कबूल केलेला होता आणि गिनीपिग अजून न्हाणीघरातल्या टबमध्ये होते. ती रोज फोन करायची. "आजोबा, झाला का?"

स्वस्तातलं बाकी सगळं डेसने तपासून पाहिलं होतं. प्लायवूड मूत पिऊन कुजतं. जुन्या ओसरीच्या फळ्यांत वाळवीचं विषारी औषध मुरलेलं. कोंबड्यांच्या जाळीने पावलं कापतात. आदला शनिवारचा अख्खा दिवस त्याने कचराडेपोच्या दुकानात जुन्या सामानात उकरण्यात घालवला, तेव्हा पिंजऱ्याच्या भिंतींसाठी कपाटांच्या तारेच्या जाळीचे अठ्ठावीस चौकोन मिळाले. प्रचारफलकाचं पन्हळी प्लास्टिक हलकं, पाण्याने न भिजणारं आणि फुकट.

"चेहरे खाली कर," बेरिल, त्याची बायको, धुण्याच्या खोलीच्या दारातून म्हणाली.

"छापलेली बाजू गुळगुळीत असते. पुसायला बरी."

"अरे, ती मिसेस पॅस्को आहे!"

सहापैकी तीन फलक क्लाइव्ह हॉथमचे होते आणि तीन नॉर्मा पॅस्कोचे; उमेदवार हे दोघंच. बाई एकतीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अर्धं गाव अजून त्यांना पाहिलं की शर्टाची बटणं तपासतं. फोटोत त्या हसत नव्हत्या. खाली एवढंच होतं: 'माझं लक्ष आहे.'

गिनीपिग आत सोडले. फ्रीज उघडला तरी खाण्याच्या आशेने किंचाळणारे ते प्राणी अचानक गप्प झाले. चौघे एका ओळीत बसले, बाईंकडे तोंड करून.

रात्री डेसने तळावर गवत पसरलं. सोमवारी सकाळी बाईंच्या चेहऱ्यावरचं गवत बाजूला सारलेलं होतं, आधी डोळ्यांवरचं. लेंड्या सगळ्या हॉथमवर पडलेल्या. डेसने पुन्हा गवत पसरलं. मंगळवारी पुन्हा तेच.

"हॉथमची आघाडी दोनशे बारा मतांची होती," बेरिलने रेडिओ बंद केला. "आता शहाण्णव."

"टपालाची मतं येतायत, बये. त्यात भुताटकी कसली?"

"मी भुताटकी म्हटलं का? तूच म्हणालास."

बुधवारी दुपारी दोनला डेसने पक्कडीने फलक जाळीला बांधणारे प्लास्टिकचे पट्टे तोडले आणि बाईंचे फलक उलटे केले. गिनीपिग असे ओरडले, की शेजारचा मर्व्ह बायसन कुंपणावरून डोकावला. "डेस, कोणाला सोलतोयस की काय?" चारला डेसने फलक पुन्हा सुलटे केले. ओरडणं मध्येच तुटलं. संध्याकाळच्या बातम्यांत कळलं, की दोन ते चार मोजणी बंद होती. कारण दिलं नव्हतं.

गुरुवारी आघाडी सातवर आली आणि फोन वाजला. मिसेस पॅस्को स्वतःच बोलत होत्या. मतं समान पडली तर कायद्याने पुन्हा मतदान होणार होतं. नवे फलक छापणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्या दारोदार जाऊन जुने गोळा करत होत्या.

"शाळेच्या कुंपणावरचे तुझ्याकडे आहेत, डेस."

तो प्रश्न नव्हता.

शुक्रवारी चारला त्या धुण्याच्या खोलीत उभ्या होत्या. डेसने पिंजऱ्यावर चादर टाकली होती. त्यांनी ती बोटाने उचलली. चारही गिनीपिग मागच्या पायांवर उभे राहिले.

"बसा," बाई हळूच म्हणाल्या.

चौघे बसले. डेसही बादलीवर बसला.

बाईंनी आपला चेहरा न्याहाळला, मग हॉथमचा. "याच्यावर बरीच घाण आहे."

"आम्ही काही शिकवलं नाही हो त्यांना," बेरिल म्हणाली.

"नात कधी येतेय?"

"उद्या दहाला," डेस म्हणाला. "मिसेस पॅस्को, तळ गेला तर ही पोरं परत टबात जातील. मी तिला शब्द दिलाय."

"मग निकालापर्यंत राहू दे. हरले तर फलक तुझे. मतं समान झाली तर उद्याच घेऊन जाईन." दारात त्या वळल्या. "शर्ट खोच, डेस."

शनिवारी नऊ चाळीसला हॉथम एका मताने पुढे होता. मोजायचं फक्त एक टपाली पाकीट उरलं होतं, सही पुसट असल्यामुळे बाजूला ठेवलेलं. बेरिलने टोस्ट खाली ठेवला.

"डेस, गेल्या शनिवारी, मतदानाच्या दिवशी, तू दिवसभर कचराडेपोत होतास. मत कधी दिलंस?"

"आधीच. टपालाने."

"कोणाला?"

डेस पिंजऱ्याकडे बघत राहिला. "एकतीस वर्षं शिकवलंय त्या बाईने. दुसऱ्या कोणाला देणार?"

"आणि सही कुठल्या पेनने केलीस?"

"ते फ्रीजवरचं. वाळलेलं."

नऊ अठ्ठेचाळीसला फोन आला. निवडणूक कार्यालयातली मुलगी नम्रपणे म्हणाली, "मिस्टर टकवेल, एका पाकिटावरची सही नीट दिसत नाहीये. ती तुमचीच आहे का, एवढंच सांगा. हो किंवा नाही."

बाहेर खडीवर गाडीची चाकं वाजली आणि दार आपटलं. "आजोबा! झाला का?"

डेसने पिंजऱ्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच चारही गिनीपिगांनी मिसेस पॅस्कोंकडे पाठ केली होती. ते त्याच्याकडे बघत होते.

"मिस्टर टकवेल? ऐकताय ना?"

नऊ एकावन्नपर्यंत डेसने उत्तर दिलेलं नव्हतं. मात्र शर्ट खोचलेला होता.