भोयर सर आणि उपाशी जिवाणू

भोयर सर खुर्ची कधीच सरकवत नसत. दोन्ही हातांनी उचलत आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी अलगद खाली ठेवत. कुणी खर्रकन ओढली की म्हणत, "घर्षण नको, बेटा." घर्षण त्यांना कशातच चालत नसे. वाद पेटला की ते आवाज इतका खाली आणत, की भांडणाऱ्यालाच कान पुढे करावा लागे.

मी त्या प्रयोगशाळेत नवीन होते. मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून फारशी बोलतच नसे. सरांना ते पसंत होतं. माझ्या नायलॉनच्या साडीवर मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बंदी घातली. स्फोटकाच्या भुकटीजवळ असली साडी म्हणजे ठिणगीला आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं. आईची सुती साडी नेसून गेले, तर त्यांनी चपलेचे खिळे तपासले.

प्रकरण असं होतं. सरांच्या मोठ्या बहिणीच्या वावराशेजारी स्फोटकांचा कारखाना होता; स्फोटकं धुतलेलं पाणी तिथे एका खड्ड्यात सोडत. ते झिरपून तिच्या विहिरीत उतरलं आणि विहिरीचं पाणी तांबूस झालं. अक्का विधवा, सर बिनलग्नाचे. ती हुडकेश्वरला त्यांच्याकडे येऊन राहिली, पण पाणी निवळलं की आपण निघणार, हे रोज बजावत असे. त्या करपलेल्या वावरात एकाच जागी गवत तग धरून होतं. तिथली माती आम्ही लाकडी चमच्याने, श्वास रोखून उचलून आणली.

"या मातीतल्या जिवाणूंजवळ अडकित्ता राहते," सर म्हणत. अडकित्ता म्हणजे एन्झाइम. त्याने ते स्फोटकाच्या रेणूवरचे नायट्रोजनवाले तुकडे कातरतात आणि खातात. पण पंगतीत दुसरं काही वाढलेलं नसेल तरच. म्हणून जिवाणू आणि स्फोटक घातलेल्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनचं दुसरं अन्नच नव्हतं. जिवाणूंना असं उपाशी ठेवणारे सर आम्हाला मात्र अक्काच्या डब्यातलं आग्रहाने वाढत.

प्रयोगाच्या दोन खेपा फसल्या. तिसरी फसली तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं. त्यात मे महिना. भर दुपारी वीज गेली आणि फ्लास्क हलवणारं यंत्र थांबलं. हवा मिळाली नसती तर जिवाणू गुदमरले असते. सरांनी फ्लास्क हातात घेऊन गोल फिरवायला सुरुवात केली. दुसरा माझ्याकडे दिला. त्यात तुलनेसाठी मारून ठेवलेले जिवाणू होते. मेलेल्यांनाही सारखंच वागवायचं, ही त्यांची शिस्त. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वीज आली. सरांनी दोन्ही फ्लास्कमधला थोडा द्रव दोन नळ्यांत घेतला आणि वर तपासणीचं औषध टाकलं. तुकडे निघाले असतील तर रंग गुलाबी व्हायला हवा. माझी नळी पाण्यासारखीच राहिली. त्यांचीही. मी नजर दुसरीकडे वळवली. परत पाहिलं तेव्हा त्यांची नळी हळूहळू गुलाबी होत होती.

डबा घेऊन आलेली अक्का दारात उभी होती. "काहून गा, खाल्लं का त्यायनं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नळी अजून आम्ही दोघांनीच पाहिली होती.

"खाल्लं," ते म्हणाले. "पण फ्लास्कातलं. विहिरीले वर्षं लागतीन, अक्का."

"लागू दे ना. जमते तर खरं. मंग मी आपल्या घरी जाईन अन् वांगे लावीन."

ती वांग्यांबद्दल बोलत राहिली, सर हसून मान हलवत राहिले. ती डबा सोडायला पाठमोरी झाली, तसे ते माझ्याजवळ आले.

"बेटा, एकट्या माणसाच्या वरणाले डाळ किती लागते?"