हिवाळ्याची बेगमी

"टाटा म्हणायचं, पापी घ्यायची, वळायचं आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही." बालवाडीच्या ताईंनी फाटकाशी उभं राहून आईला पुन्हा एकदा समजावलं. मुलांना नाक पुसायला शिकवताना त्यांचा जो आवाज लागे, तोच आताही लागला होता.

"आणि ती रडली तर?"

"रडेल की. तुम्ही रडू नका म्हणजे झालं."

जिच्यावरून हे चाललं होतं ती मुलगी आईच्या पायाला दोन्ही हातांनी आणि एका पायाने विळखा घालून उभी होती. घरी, दारी, सगळीकडे ती अशीच असे. म्हणून मामाने तिचं नाव गोचीड ठेवलं होतं. आजीने डोळे वटारल्यावर त्याने शेवटचं अक्षर गाळलं. उरलेलं 'गोची' मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलं, अगदी आजीच्यासुद्धा.

बालवाडीत येऊ लागल्यापासून गोची रोज रडत होती. आई अंगणातल्या बाकावर दिसली की गप्प, दिसेनाशी झाली की भोंगा. बाकीच्या मुलांचे आईबाप एकेक करून त्या बाकावरून उठून गेले होते. उरली होती ती एकटी गोचीची आई. पण सोमवारपासून तिला कामावर हजर व्हायचं होतं. दातांच्या कवळ्या बनवतात तिथे ती मेणाचे साचे करत असे. मालकीणबाईंनी तिची जागा राखून ठेवली होती, पण परवाच त्यांचा निरोप आला होता, 'आता मात्र ये गं बाई, लोक बिनदातांचे बसलेत.' आणि इकडे ताईंनीही स्पष्ट सांगून टाकलं होतं, "आज सकाळभर ती तुमच्याशिवाय राहिली तर ठीक. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू. उगाच पोरीला छळायला नको."

आईने टाटा केलं, पापी घेतली. ताईंनी सराईत हाताने गोचीची बोटं एकेक करून सोडवली. आई वळून चालायला लागली आणि मागे भोंगा सुरू झाला. तिने मागे बघितलं नाही. रस्त्याच्या वळणापाशी भोंगा ऐकू येईनासा झाला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, रुमाल काढायला पिशवीत हात घातला, आणि हाताला लागली गोचीची पाण्याची बाटली.

आता बालवाडीत काय पाणी नव्हतं? नळ होता, पेले होते. पण गोची फक्त बदकाच्या चोचीतून पाणी पीत असे आणि ते बदक या बाटलीच्या टोपणावर बसलेलं होतं. 'मागच्या फाटकाने जाऊ, खिडकीतून ताईंच्या हातात देऊ, कुणाला कळणारही नाही,' असं आईने ठरवलं. आयांचे असे बेत ठरतात तेव्हा त्यांत कुठेही खोट दिसत नाही.

मागचं फाटक ढकलून तिने निम्मं अंगण ओलांडलं, आणि तेवढ्यात वर्गाचं दार आतून उघडलं.

"रांगेत! आमच्या खारी रांगेत चालतात!" ताईंचा आवाज आला.

पुढे जावं तर मुलं, मागे जावं तर मोकळं अंगण. आडोसा म्हणून एकच गोष्ट होती, पानांचा ढीग. पानगळ सुरू झाल्यापासून माळीकाकांनी मुलांच्या खेळासाठी म्हणून जमवलेली लाल, पिवळी, तपकिरी पानं. आई ढिगामागे वाकली. पण वाकलेली बाई झाकायला तो ढीग पुरेना. मुलं जवळ आली तशी ती बसली. आणखी जवळ आली तशी आडवी झाली. शेवटी काही इलाज उरला नाही, तेव्हा ती सरळ ढिगात शिरली.

आत उबदार होतं, आणि खाज सुटत होती. एक देठ थेट नाकात गेला होता.

"तुम्ही सगळे आज कोण?" ताईंनी विचारलं.

"खारीऽ!"

"मी वाघ," एक जाड आवाज आला. हा मुलगा वाघाचे कान शिवलेली टोपी घालून येई आणि दुपारी झोपतानाही ती काढत नसे.

"बरं, तू वाघासारखी खार. आता सांगा, पानगळीत खारी काय करतात? हिवाळ्याची बेगमी! थंडीत काही मिळत नाही ना, म्हणून आपली सगळ्यात आवडती वस्तू आत्ताच लपवून ठेवतात. आणि कुठे लपवली ते ताईंना सांगतात?"

"नाहीऽ!"

"मित्राला सांगतात?"

"नाहीऽ!"

प्रत्येकाच्या हातावर एकेक अक्रोड पडला आणि सगळ्या खारी ढिगावर तुटून पडल्या. एक अक्रोड आईच्या बाहीत गेला. एक मानेवरून पाठीत घरंगळला. "इथे जमीन मऊ आहे बघ," असं म्हणत एका खारीने तिच्या पोटावर दोन्ही हातांनी जोर दिला. आईने पोट आत ओढून घेतलं. बाळंतपणापासून सगळे तिला हेच कर म्हणून सांगत होते. जमलं मात्र आज.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आवाज तिने सकाळीच बंद केला होता, पण थरथर चालूच होती. ढीग गुरगुरायला लागला. मुलं एकदम मागे सरली.

"ताई, ढीग घोरतोय!"

"आत खरा वाघ आहे," टोपीवाल्याने जाहीर केलं.

ताई पुढे आल्या. पानांतून एक चप्पल बाहेर राहिली होती. इतके दिवस बाकाखाली दिसणारी ती चप्पल त्यांनी लगेच ओळखली. पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. त्यांनी पायानेच थोडी पानं चपलेवर ढकलली.

"अस्वल आहे," त्या म्हणाल्या. "थंडीभर झोपणारं. वेडं अस्वल आहे जरा. घरी जा म्हणून कितीदा सांगितलं, पण ऐकत नाही. त्याला उठवायचं नाही हं. झालं का सगळ्यांचं लपवून?"

"माझं लाहिलं," चोंदलेल्या नाकातून एक आवाज आला.

आवाज गोचीचा होता. छोटी पावलं आली, थांबली. एक पान उचललं गेलं, मग दुसरं. तिसऱ्याखाली आईचा डोळा होता.

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. गोचीचा खालचा ओठ पुढे आला. आईला पुढचं सगळं पाठ होतं: ओठ पुढे आला की हनुवटीवर खळगे पडणार, आणि मग भोंगा. 'संपलं,' तिच्या मनात आलं. 'सोमवार गेला. नोकरी गेली. लोक बिनदातांचेच राहणार.'

गोचीने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. हातातला अक्रोड गुपचूप खिशात टाकला. मग एक मोठं पिवळं पान शोधून तिने ते आईच्या डोळ्यावर ठेवलं, त्यावर ओंजळभर पानं टाकली, त्यावर आणखी ओंजळभर, आणि दोन्ही तळव्यांनी ती सगळी थोपटून थोपटून नीट बसवली.

"लपवलंस?" ताईंनी विचारलं. त्यांनाही आवाज जरा सांभाळावा लागत होता.

"हो."

"काय गं लपवलंस?"

"शांगणाल नाही," गोची म्हणाली आणि रांगेत वाघामागे जाऊन उभी राहिली. रडण्याचं नाव नाही. वर्षभराचं धान्य भरून झालेल्या गृहिणीसारखी ती निवांत चालत आत गेली.

दार लागल्यावर ताई एकट्याच परत आल्या. "या बाहेर, अस्वलबाई."

आई केसांत काड्या घेऊन उठली. "मी फक्त बाटली द्यायला..."

"द्या इकडे. आणि आता पुढच्या फाटकाने जा. ताठ मानेने."

"पण ताई, ती रडली नाही हो! बघितलंत ना?"

"बघितलं. आई परत येणार आहे, आई परत येणार आहे, असं मी तिला रोज सांगून थकले. हिला ते पटलं कधी, तर आई पुरून ठेवल्यावर!"

आई रस्त्याने चालली ती तरंगतच. तिने दुकानांच्या काचा बघितल्या, उगाच बसच्या दोन थांब्यांपर्यंत पायी जाऊन आली, आणि मग कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात चहा मागवला. गरम चहा गरम असतानाच पोटात जातोय, ही गोष्टच ती विसरून गेली होती. मग तिला ढिगात थरथरलेल्या फोनची आठवण झाली. फोन आजीचा होता. तिने उलट फोन लावला.

"काय गं, किती रडली?" आजीने विचारलं.

"रडलीच नाही! मला लपवलंन आणि खुशाल आत गेली." आईने सगळी हकिकत सांगितली. आजी हसता हसता खोकायला लागली, आणि एकदम थांबली.

"आणि तू आत्ता कुठे आहेस?"

"चहा पितेय."

"म्हणजे ढिगात नाहीस."

"नाही. का?"

"अगं शहाणे, पोर सुटल्यावर आधी काय करेल? ढीग उकरेल! आणि आत आई नसली म्हणजे?"

आईने कप खाली ठेवला. लपवून ठेवलेली आई जागेवर सापडली नाही, तर उद्या काय, पुढच्या वर्षीसुद्धा गोची तिचा पाय सोडणार नव्हती.

"मग आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? पळ!"

ती पळाली. मागचं फाटक, अंगण, आणि ढिगाच्या जागी स्वच्छ झाडलेली जमीन. पलीकडून माळीकाका रिकामी हातगाडी ढकलत येत होते.

"काका, ढीग कुठे गेला?"

"खताच्या खड्ड्यात. पोरांचा खेळ झाला ना?"

"परत आणा."

"परत?"

"सगळा. आत्ताच्या आत्ता. मला त्यात बसायचंय."

माळीकाकांनी हातगाडी खाली टेकवली. तिच्या केसांतल्या काड्यांकडे बघितलं. "आधीपण बसला होतात वाटतं."

"हो. मुलीने मला लपवलंय. ती आता शोधायला येईल."

"अस्सं होय." जगात याहून सरळ कारण असूच शकत नाही, अशा स्वरात काका म्हणाले. "मग हात चालवा. सुटायची वेळ झालीच."

काकांनी फावड्याने भरायचं आणि आईने ओंजळींनी, अशा दोघांनी धावतपळत खेपा घातल्या. वर्गाच्या खिडकीत ताईंचं डोकं दिसलं, नाहीसं झालं, आणि आत संपत आलेलं निरोपाचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"कोपर आत घ्या, मॅडम," काका रोप लावायच्या काळजीने तिच्याभोवती पानं चेपत होते. "हनुवटी खाली. हां. आता कुणाच्या बापाला दिसणार नाही."

"काका, काहीतरी वळवळतंय."

"गांडूळ असेल. खड्ड्यातलं आलं बरोबर. चांगल्या जातीचं आहे, काही करत नाही."

गाणं संपलं. दार उघडलं. अंगणभर पावलं धावली. आईने चेहऱ्यावर सापडलेल्या आईचं हसू आणून ठेवलं आणि ती वाट बघू लागली.

पावलं आली आणि शेजारून निघून गेली. मग घसरगुंडीचा घर्र आवाज आला आणि त्याच्या मागोमाग ते खळखळून हसणं. ते हसणं कुणाचं आहे हे आईला शंभर मुलांत कळलं असतं. पुन्हा घर्र, पुन्हा हसणं. 'येईल आता,' असं तिने मनाशी म्हटलं. फाटकाशी आईबाप जमल्याचा गलका ऐकू येऊ लागला. गांडूळ घोट्यावरून शांतपणे पलीकडे उतरलं. गोची काही आली नाही.

आईला कळेना, हसावं की रुसावं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरत होता आणि उतरता उतरता, जरासा, टोचतही होता.

तेवढ्यात कुणाचे तरी हात ढीग उकरू लागले. आईने घाईघाईने हसू नीट केलं. तोंडावरचं पान उचललं गेलं, आणि वर दिसले दोन पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे कान.

वाघाने तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ताई! माझा अक्रोड नाही सापडत! इथे कुणाची तरी आई आहे!"

फाटकाशी जमलेले सगळे आईबाप वळले. माळीकाका हातगाडीचं चाक तपासायला लागले. हरवलेला पायमोजा हातात धरून विचारावं तसं ताईंनी विचारलं, "कुणाची आहे ही आई?"

घसरगुंडीच्या वरच्या पायरीवरून गोचीने मान लांब करून बघितलं.

"माझी आहे," ती म्हणाली. "लाहू दे तितेच. अजून कुटे हिवाला आलाय?"

आणि ती हात वर करून सुर्रकन खाली घसरली. वाघाला ते पटलं. त्याने मान डोलावली आणि पान होतं तसं आईच्या तोंडावर परत ठेवून दिलं.