पोपटरावांचं एकच बटण

"यंदा आपण एकच बटण दाबणार! चार नाही, तीन नाही, एक!"

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता पोपटराव नलावडे बाल्कनीतून असे गरजले, की समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरं एकदम उडाली आणि खालच्या मजल्यावर दाढी करणाऱ्या माणसाने स्वतःला कापून घेतलं!

पोपटराव तीस वर्षं खोपटच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. स्टँडवरचा माइक बंद पडला तरी त्यांचं कधी अडलं नाही. ते नुसतं तोंडाने 'फलाट नंबर सहा!' ओरडले, की रस्त्यापलीकडे वडापाव खाणारे प्रवासी पाव टाकून धावत सुटायचे. रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. आवाज मात्र अजून ड्युटीवर होता.

आणि त्या आवाजाला हल्ली एकच विषय होता. गटार!

वर्तकनगरातल्या त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या गटाराचं भूमिपूजन मागचे नगरसेवक प्रशांतशेठ यांनी दोनदा केलं. दोनदा नारळ फुटला, दोनदा फोटो निघाले, दोनदा खणून झालं. गटार काही बांधलं गेलं नाही. मग निवडणूकच लांबत गेली आणि काही वर्षं वॉर्डाला नगरसेवकच उरला नाही.

"फरक पडला का काही?" पोपटराव भेटेल त्याला विचारायचे. "गटार होतं तसंच! म्हणजे हा माणूस असला काय नि नसला काय, सारखंच! सरकारनेच सिद्ध करून दाखवलंय!"

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या बायकोचा, कलावतीबाईंचा, पाय त्याच गटारात गेला. मनगट मोडलं. महिनाभर पोपटरावांनी पोळ्या केल्या. त्या पोळ्या आठवल्या तरी कलावतीबाईंच्या पोटात अजून दुखतं. तेव्हा प्रशांतशेठचा फक्त बॅनर आला, गणेशोत्सवाच्या शुभेच्छांचा! धावून आली ती नीरजा. मागच्या गल्लीत क्लासेस घेणारी मुलगी. ना पक्ष, ना झेंडा, भाषण तर अजिबात येत नाही. पण तिने वॉर्ड ऑफिसच्या इंजिनिअरला गाठून आणलं आणि निम्म्या गटारावर तरी झाकणं पडेपर्यंत सोडलं नाही. आता ती अपक्ष उभी होती.

"मत नीरजाला. बास!" पोपटराव म्हणाले.

"अहो, पण आपल्या प्रभागाचे नगरसेवक चार आहेत. चार रंगांचे चार कागद, प्रत्येकावर एकेक बटण दाबायचं. बाकी तीन कुणाला?"

"कुणालाही नाही!"

"मग ते नोटा का काय, ते दाबा."

"नोटा? त्या लोकांना नाही म्हणण्यासाठीसुद्धा मी माझं बोट झिजवणार नाही!"

शाळेतल्या मतदान केंद्रावर ही लांब रांग होती. पोपटराव चौकडीच्या शर्टात पुरुषांच्या रांगेत, कलावतीबाई बायकांच्या. दीड तासाने पोपटरावांचा नंबर लागला. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते ताठ मानेने गेले. नीरजाच्या पत्रकावरचा आकडा त्यांना पाठ होता. चार! सगळं आयुष्य फलाटांच्या नंबरांत गेलेल्या माणसाला वाचत बसायची काय गरज? चार नंबरचं बटण त्यांनी खाडकन दाबलं. लाल दिवा लागला. छाती पुढे काढून ते बाहेर आले.

"काका, थांबा!" केंद्राध्यक्ष ओरडले. प्रफुल्लसर नावाचे हे गृहस्थ मुरबाडकडच्या शाळेत मास्तर होते आणि पहाटे चारपासून जागे होते. "बझर वाजला नाही. अजून तीन मतं राहिली."

"राहू देत!"

"असं नाही चालत. चारही झाल्याशिवाय यंत्र पुढच्याचं मत घेत नाही."

"मग करू दे उपास! मी माझ्या माणसाला मत दिलं. बाकीचे तीन मला नकोत!"

"अहो, नोटा दाबा."

"नोटासुद्धा दाबणार नाही! हा माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे! मला फक्त नीर—"

"नाव घेऊ नका!" प्रफुल्लसर खुर्चीतून उडालेच. "केंद्रात उमेदवाराचं नाव घेऊ नका!"

कोपऱ्यात प्रशांतशेठचा पोलिंग एजंट महेंद्र बसला होता. तो लगेच उभा राहिला. "ऑब्जेक्शन! साहेब, हा प्रचार आहे! लिहून घ्या!"

"प्रचार? अरे, नारळफोड्या शेठच्या माणसा, तू मला शिकवतोस?" पोपटरावांचा आवाज फलाटावर पोचला. "मी दाबणार नाही म्हणजे नाही! मेलो तरी दाबणार नाही!"

वर्गाच्या दारात उभ्या असलेल्यांना यातलं 'दाबणार नाही' तेवढं ऐकू आलं. त्यांनी मागे सांगितलं, "बटण दाबलं जात नाहीये." व्हरांड्यात त्याचं झालं, "मशीन बंद पडलं." जिन्यापाशी एक तरुण ऑफिसला जायच्या घाईत होता. तो म्हणाला, "अरे यार, आत कोणीतरी अंकल मेला बोलतायत!" आणि बातमी मैदानातल्या बायकांच्या रांगेत पोचली तेव्हा ती पूर्ण शिजलेली होती. एका म्हाताऱ्याला मशीनचा शॉक लागला आणि तो जागच्या जागी गेला!

"कोण हो?" कलावतीबाईंनी विचारलं.

"कोण की! चौकडीचा शर्ट होता म्हणे."

कलावतीबाईंनी एकच किंकाळी फोडली आणि पोलिसाला बाजूला सारून धावत सुटल्या.

तोवर कुणा भल्या माणसाने फोन केला होता, आणि गेटवर ॲम्ब्युलन्सही हजर झाली. ती प्रशांतशेठची मोफत सेवेची ॲम्ब्युलन्स! दोन्ही बाजूंना हात जोडलेले प्रशांतशेठ, दरवाजाएवढे.

"आचारसंहिता! फोटोवाली गाडी आत नाही!" पोलीस आडवे आले.

"माणूस मरतोय आत!"

"मरू दे, पण फोटो झाका आधी!"

मग स्ट्रेचरवरची चादर काढून एका शेठला झाकलं. दुसऱ्या बाजूच्या शेठवर ड्रायव्हरने स्वतःचा शर्ट काढून लावला. आणि बनियनवरचा ड्रायव्हर व गाडीबरोबर आलेला शेठचा एक कार्यकर्ता असे दोघे बिनचादरीचं स्ट्रेचर घेऊन वर्गात घुसले. समोर पोपटराव लालबुंद होऊन टेबलावर मुठी आपटत होते.

"पेशंट कुठाय?"

"हाच असणार! बघ कसा लाल झालाय. धर पायाकडून!"

"हात लावाल तर याद राखा!" पोपटराव किंचाळले, पण तोवर त्यांचे पाय जमिनीवरून सुटले होते. "सोडा मला! लोकशाहीत मत न देणाऱ्याला उचलून नेतात? आणि तेसुद्धा शेठच्या गाडीतून? सोडाऽऽ!"

त्याच क्षणी कलावतीबाई आत आल्या. नवरा जिवंत! स्ट्रेचरवर आडवा, पण बोंबलतोय! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच आटलं.

"काय झालंय यांना?"

"मॅडम," प्रफुल्लसर हात जोडून म्हणाले, "काही झालेलं नाही. तीन बटणं दाबायची राहिलीत. बाहेर दोनशे माणसं खोळंबलीत."

कलावतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं आख्ख्या स्टँडला दमात घेतलेला माणूस स्ट्रेचरवर अंग चोरून बसला.

"उतरा," त्या म्हणाल्या. "मी अनवाणी धावत आले मैदानातून. चपला तिकडेच राहिल्या. जा आणि दाबा ती मुकाट्याने!"

पोपटराव उतरले. तत्त्व स्ट्रेचरवरच राहिलं. दात-ओठ खात ते आडोशामागे गेले आणि नोटा शोधायला खाली वाकले. आता मात्र वाचावंच लागलं.

आणि ते थिजले.

पहिल्या पांढऱ्या कागदावर चार नंबरपुढे त्यांनी लावलेला दिवा अजून जळत होता. शेजारी नाव होतं प्रशांतशेठचं! आणि नीरजा? ती तिसऱ्या, पिवळ्या कागदावर होती. तिथला चार नंबर! म्हणजे मघाशी प्रफुल्लसरांनी त्यांच्या तत्त्वापुढे मान तुकवली असती, तर पोपटरावांचं ते एकमेव, बाणेदार मत शेठच्या खिशात गेलं असतं आणि नीरजाला भोपळा!

त्यांनी पांढऱ्या कागदावरची सगळी बटणं दाबून पाहिली. दिवा ढिम्म हलला नाही.

"साहेब," आडोशामागून कधी नव्हे तो बारीक आवाज आला, "पहिलं मत परत घेता येतं का हो?"

"काका," प्रफुल्लसर रडवेले होऊन म्हणाले, "आता आणखी एक शब्द बोललात, तर त्या स्ट्रेचरवर मीच झोपतो!"

पोपटरावांनी नीरजाचं बटण दाबलं, उरलेल्या दोन जागांवर नोटा दाबला. बझर वाजला. रांगेने टाळ्या वाजवल्या. "मानलं काका, तत्त्वाचा माणूस!" कोणीतरी ओरडलं. पोपटराव खाली मान घालून बायकोच्या चपला शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नीरजा एकसष्ट मतांनी निवडून आली. बिल्डिंगीत फटाके फुटले, पोपटरावांच्या गळ्यात हार पडला. पांढऱ्या कागदाच्या जागेवर प्रशांतशेठही निवडून आले, चांगले तीन हजारांनी.

संध्याकाळी महेंद्र पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला. "काका, झालं गेलं विसरा. शेठने पाठवलेत."

आता महेंद्र जिन्यावरून गडगडत जाणार, म्हणून शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. पोपटरावांनी बॉक्सकडे पाहिलं. महेंद्रकडे पाहिलं. मग गुपचूप एक पेढा उचलला.

"अहो! तुम्ही त्याचा पेढा खाताय?" कलावतीबाई ओरडल्या.

"निवडून आलाय माणूस," पोपटराव पेढा तोंडात टाकत पुटपुटले. "लोकांनीच मतं दिली ना शेवटी."

"कुठल्या मूर्खांनी दिली देव जाणे!" कलावतीबाई म्हणाल्या.

पोपटरावांना असा काही ठसका लागला, की महेंद्रलाच आत धावत जाऊन पाणी आणावं लागलं.