इंजनाला दचकवू नये

मार्गशीर्ष लागला की आमचे शेजारी सोपानआबा आपल्या छोट्या ट्रॅक्टरला गोधडी पांघरत, आणि पहाटे चार वाजता उठून त्याच्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवत. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात, अगदी तशी. निखाऱ्यांवर ओवा तेवढा टाकत नसत. साऱ्या कुरवंडे गावाने त्या ट्रॅक्टरचे नावच ‘बाळंतीण’ ठेवले होते.

“काय आबा, बाळंतीण बरी हाय का?” असे कोणी वाटेत विचारले, तर आबा न रागावता सांगत, “बरी हाय. आत्ताच दूध पोचवून आली.”

आबांची सारी हयात लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर म्हणून गेली. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जी इंजिने असतात, त्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. “ढकलनाऱ्या इंजनाचं नाव कोन घेत न्हाई, बाई,” ते मला म्हणाले होते. “फोटू म्होरल्या इंजनाचा निघतो. पन मागचं नसंल तर म्होरलं जाईल कुटं?” त्या नोकरीतून आबांनी दोन गोष्टी घरी आणल्या: तेलकट निळा सदरा आणि एक वाक्य. इंजनाला दचकवू नये.

हे वाक्य त्यांना कुठेही चाले. मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवते. सकाळच्या घाईत एकदा स्कूटर सुरू केली आणि त्याच क्षणी पिळली, तर निवडुंगाच्या कुंपणावरून आवाज आला, “बाई! जागी तरी व्हऊ द्या तिला. चूळ भरू द्या!” तेव्हापासून मी स्कूटर सुरू करून मिनिटभर नुसती उभी राहते. त्या मिनिटात मला दवाने जड झालेल्या गवताचा वास येतो, दूर घाटात दमाने चढणाऱ्या गाडीची धडधड ऐकू येते. हे आबांचे माझ्यावरचे ऋण आहे. मी ते त्यांना कधी सांगितलेले नाही.

ट्रॅक्टरचे काम मात्र थट्टेचे नव्हते. वस्तीवरच्या चार घरांच्या दुधाच्या किटल्या घेऊन आबांना पाचाच्या ठोक्याला निघावे लागे. फाट्यावर येणारी डेअरीची गाडी कोणासाठी थांबत नाही. आणि आबांचे अंगण पडले खोलगट, दोन्हीकडे रस्ता चढाचा. ट्रॅक्टर उताराला लावून सुरू करण्याची सोय नाही. तो उभा राहायचा तो घराच्या खिडकीखालीच. थंडीत आकसलेले इंजिन सुरू करणे म्हणजे एक लांबलचक भांडण असे. ते घरघरे, खाकरे, थांबे, पुन्हा खाकरे, आणि शेवटी कडू, पांढऱ्या धुराचा लोट सोडून एकदाचे धडधडू लागे. तो धूर सरळ खिडकीतून आत जाई. खिडकीच्या आत आबांच्या पत्नी, पारूमावशी, निजत. त्यांना दमा आहे. हिवाळ्यात त्यांची रात्र उशीला टेकून खोकण्यात जाते आणि पहाटेपहाटे कुठे डोळा लागतो.

आबा यातले अवाक्षर बोलत नसत. ते बोलत, ते इंजिनाच्या तब्येतीविषयी.

एका पहाटे गोधडीचा कोपरा शेगडीवर लोंबला आणि गोधडी तळहाताएवढी जळाली. पारूमावशींनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे ठिगळ लावून ती पुन्हा धड केली, आणि बजावले, “आता ही माज्या अंगावरच ऱ्हाईल. तुमच्या बाळंतिनीला दुसरं कायतरी बघा.”

त्याच संध्याकाळी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. “बाई, तुमच्या मोबाईलवर एक वस्तू मागवायची. इंजनाच्या आतलं पानी तापवायचा हीटर असतो. बर्फाच्या मुलखात बसवत्यात. शेडमदी साहेबाच्या पुस्तकात चित्र बघितल्यालं.” मी आपल्या विजेवर चालेल असा शोधून मागवला. उठता उठता आबा थबकले. “आनि एक उंदराचा पिंजराबी मागवा. साखर कमी व्हतीय घरातली.”

“डबा कुरतडलाय का?”

“न्हाई ना! तीच तर गंमत. लय हुशार हाये. साखर खातो आनि झाकन लावून जातो.”

दोन्ही वस्तू आल्या. हीटर म्हणजे अंगठ्याएवढी, पितळी बुडाची, वळलेल्या कांबीची चीज होती. तिच्याबरोबरचे माहितीपत्रक मात्र चादरीएवढे. ते इंग्रजीत होते, म्हणून रविवारी सकाळी मी वाचनाला बसले. हा सोहळा पाहायला कामशेतहून पांडू मेस्त्री आला होता. गेली दहा वर्षे आबांना सुटे भाग तोच पुरवतो.

“उणे वीस अंशांखालील तापमानात वापरावा,” मी वाचले.

“उने म्हंजी?”

“शून्याच्याही खाली, आबा. बर्फाच्या पलीकडची थंडी.”

पांडू मांडीवर थाप मारून हसला. “आबा, हितं काय अस्वलं हिंडत्यात का? दुपारी बनेनवर बसता तुमी!”

आबांनी नागफणीच्या कड्याकडे बोट दाखवले. “लिव्हनाऱ्यानं त्यो वारा धरलाय का हिशेबात? न्हाई धरला. म्होरं वाचा, बाई.”

पण त्यांना माझ्या वाचनाची गरज नव्हती. मी वाक्य संपवण्याआधी त्यांचे हात पुढच्या कामाला लागलेले असत. इंजिनातले पाणी त्यांनी घमेल्यात उतरवले. इंजिनाच्या कुशीला एक गोल पत्र्याची टोपी बसवलेली असते. तिच्या एका कडेवर छिन्नीचा हलका ठोका दिला, तशी ती झोपेत कूस पालटावी तशी आडवी झाली, आणि पकडीने त्यांनी ती बाहेर काढली. आतली भोकाची कड बारीक पॉलिशपेपरने घासून, तिच्यावरून करंगळी फिरवून पाहिली. हीटरच्या रबरी कड्याला ग्रीस लावले, तो आत बसवून आवळला. वायर पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर नेऊन बांधली. पांडूला राहवेना. त्याने पिन उचलून बोर्डाकडे नेली.

आबांनी त्याच्या मनगटावर चापटी मारली. “कोरड्या पातेल्याखाली जाळ घालतो का रं? आधी पानी भर! कोरडा लावला तर जळून जाईल.”

मी पत्रकात पाहिले. तीच सूचना तिथे ठळक अक्षरांत छापलेली होती, फक्त पातेल्याशिवाय.

पाणी भरले, इंजिन थोडे चालवून आत अडकलेली हवा जाऊ दिली, खाली वर्तमानपत्र पसरून एकही थेंब गळत नाही याची खात्री केली. मग पारूमावशी हळदीकुंकू घेऊन आल्या. पिनेला कुंकू लावावे की वायरला, यावर क्षणभर खल झाला. शेवटी त्यांनी ट्रॅक्टरच्या कपाळालाच बोट टेकवले आणि म्हणाल्या, “सवतीचे लाड बघा, बाई. मला लग्नाच्या तिसाव्या वर्षी स्वेटर मिळाला.”

“तुला गोधडी दिली की माघारी,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास मी कान देऊन पडले होते. किल्ली फिरल्याचा बारीक आवाज आला आणि लगेच इंजिन बोलू लागले, जाग्या माणसाने हलक्या आवाजात सुरुवात करावी तसे. घरघर नाही, खाकरणे नाही. धूर फुंकरीएवढा. पुढचे महिनाभर असेच चालले. पिंजऱ्यातल्या भाकरीच्या तुकड्याला मात्र उंदीर शिवला नाही, आणि साखर कमी होतच राहिली.

मग पौषात एका पहाटे वीज गेली.

पंखा, दिवा आधीच बंद होते, तरी फ्रिजची गुणगुण थांबल्याची जाणीव होऊन मी उठले. बाहेर धुके इतके दाट होते की कुंपणावरची तगर वासानेच ओळखावी लागली. आबांच्या अंगणात कंदील दिसला, म्हणून मी पलीकडे गेले. आबा ट्रॅक्टरपाशी उकिडवे बसले होते. परसातल्या चुलीवर त्यांनी पाणी तापवले होते. इंजिनातले थंड पाणी काढून, हे ऊन पाणी तांब्यातांब्याने ते आत भरत होते. प्रत्येक तांब्यातले चार थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहत होते, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याआधी बाया पाहतात तसे. पायांत वहाणा नव्हत्या.

“आबा, एक दिवस दूध—”

त्यांनी ओठांवर बोट ठेवले. आवाज इतका खाली आणला की मला वाकावे लागले. “हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा. रातभर बसून व्हती.” मग तांब्या ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “दहा वर्सं मी तिला रोज पाच वाजता दचकवून उठवली. इंजन खाकरायचं, की हिचा खोकला सुरू. शेडमदी जल्म गेला, बाई, आनि घरातलं इंजन…” त्यांनी झाकण लावले, किल्ली फिरवली. ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. आबांनी खिडकीकडे पाहिले, खोकल्याचा आवाज नाही असे पाहून मान हलवली, आणि किटल्या घेऊन ते चढाला लागले. मागचा तांबडा दिवा धुक्यात विरून गेला.

मी परत फिरणार, तोच खिडकीतून कुजबुज आली.

“बाई, गेलं का म्हातारं?”

मी दचकले. पारूमावशी खिडकीशी उभ्या होत्या, हिरव्या ठिगळाची गोधडी खांद्यांवर घेऊन.

“तुम्ही जाग्या आहात?”

“मी कवाची जागी! म्हातारपनी कुटं झोप लागती? आत या, चा ठेवते.” दार ढकलताना माझ्या हाताला मऊ काहीतरी लागले. कडीला चिंधी गुंडाळलेली होती, वाजू नये म्हणून. “ते बी त्यांनीच केलंय,” मावशी म्हणाल्या. “चार वाजता उठत्यात, भिंतीला धरून चालत्यात. एक दिस अंधारात पायाला पाट लागला, तर तोंडात सदऱ्याचा बोळा कोंबून बसले, पन आवाज न्हाई केला. आता येवढं करतंय मानूस माज्या निजेपायी, आनि मी जागी हाये म्हनलं, तर त्याचं समदं फुकट की. म्हनून डोळं मिटून पडते. गेले की उठते, घोटभर चा करते, कप धुवून पुसून जाग्यावर ठेवते. आले की पुन्यांदा निजते. मग ते चा करून मला उठवत्यात, ‘पारू, उठ गं, लय झोपलीस.’ त्यो बी चा पिते.”

मी साखरेच्या डब्याकडे पाहिले. त्यांनी झाकण घट्ट लावले आणि हसल्या. दम लागला, तरी हसत राहिल्या.

आम्ही चहा प्यायलो. आल्याचा होता, गोड होता. चढावरून ट्रॅक्टरची धडधड परत येऊ लागली, तशा मावशींनी लगबगीने कप विसळले, पदराने पुसले, आणि गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली. मी दाराशी राखणीला थांबल्यासारखी उभी राहिले.

आबा आत आले ते चवड्यांवर. आधी बाजेकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी वर्गात पहिल्या नंबराच्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. “बघा,” ते कुजबुजले, “लाईट न्हाई, हीटर न्हाई, तरी हाये का जाग?”

“नाही, आबा,” मी म्हणाले. “गाढ आहे.”

मग त्यांनी फळीवरचा साखरेचा डबा उघडून आत डोकावले, कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिले, आणि निराशेने डोके खाजवले. “आजबी घावला न्हाई. लय सावध जनावर हाये, बाई.”

गोधडीवरचे हिरवे ठिगळ किंचित थरथरले. माझ्या जिभेवर चहाची गोडी अजून होती, म्हणून मी तोंड उघडले नाही.