कौटुंबिक इतिहास : काही नाही

आरोग्य-संशोधनाचं नियतकालिक काढणाऱ्या त्या परदेशी प्रकाशन संस्थेने डॉ. कल्याणीचा लेख तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा विश्रांतवाडीतल्या तिच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती. तिच्या आधी कल्याणीच किंचाळली.

"सारांशात एकशे एक्कावन्न शब्द आहेत म्हणे! एकशे पन्नासच चालतात. एका शब्दासाठी लेख परत?"

"मग एक शब्द काढ," चेतन म्हणाला. हा तिचा नवरा. आयटीतला, घरूनच काम करणारा, त्यामुळे एका कानाने मीटिंग आणि दुसऱ्या कानाने बायको असं ऐकण्यात तरबेज झालेला.

"प्रश्न शब्दाचा नाही, प्रवृत्तीचा आहे! पहिल्यांदा तक्त्यात उभ्या रेघा मारल्या म्हणून परत. दुसऱ्यांदा संदर्भांचे आकडे चौकोनी कंसात नाहीत म्हणून परत. आत काय लिहिलंय ते अजून एकाही माणसाने वाचलेलं नाही!"

"तिकडे आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी कामाला लागलेला दिसतोय."

चेतनला विनोद सुचत होते, कारण नोकरी त्याची नव्हती. कल्याणी येरवड्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाची डॉक्टर होती आणि सहयोगी प्राध्यापकाच्या जागेसाठी महिनाअखेरीला मुलाखत होती. गेल्या वेळी तिचा एक शोधनिबंध कमी पडला आणि ती जागा कालपरवा आलेल्या एका गृहस्थाला मिळाली. या गृहस्थांना डावा कान कुठला आणि उजवा कुठला हेही विचार करून सांगावं लागे, असं कल्याणीचं मत होतं. या खेपेला मुलाखतीआधी स्वीकृतीचं पत्र हातात पडलं नाही, तर जागा पुन्हा निघेपर्यंत तिच्या निवृत्तीचीच वेळ आली असती.

आणि विषय तर असा हाती लागला होता, की जन्मात पुन्हा लागायचा नाही. हडपसरचे जयसिंगअण्णा कानातला मळ काढायला दुपारी ओपीडीत आले आणि खुर्चीवर बसताच ओळीने नऊ वेळा शिंकले. सर्दी नाही, धूळ नाही. "मग शिंका कशाने?" असं कल्याणीने विचारलं, तर अण्णा म्हणाले, "जेवून आलोय न्हवं!" पोट गच्च भरलं की शिंका येणं ही एक दुर्मीळ गोष्ट आहे आणि आपल्या देशात तिची नोंद कल्याणीला तरी कुठे सापडली नव्हती. तिने अण्णांना उपाशीपोटी तपासलं, भरल्यापोटी तपासलं, रक्त तपासलं, नाकात दुर्बीण घातली. घरात कुणाला असा आजार आहे का, हेही रीतसर विचारलं. अण्णा "न्हाई" म्हणाले. तिने लेखात लिहिलं, कौटुंबिक इतिहास : काही नाही.

कल्याणीने एक शब्द काढला आणि लेख चौथ्यांदा पाठवला. आता संस्थेला रुग्णाची संमती हवी झाली. रुग्णालयाच्या कागदावरची चालणार नव्हती, संस्थेच्याच कागदावर हवी होती, आणि सही करण्याआधी रुग्णाला लेख वाचून दाखवणं सक्तीचं होतं. कल्याणीने अण्णांना बोलावून घेतलं आणि मराठीत समजावत लेख वाचायला सुरुवात केली. "अठ्ठावन्न वर्षांचा एक पुरुष..."

"कोन पुरुष?" अण्णांनी थांबवलं.

"तुम्हीच."

"मग नाव कुटंय?"

"नाव छापता येत नाही, अण्णा. रुग्णाची ओळख गुप्त ठेवायची असते."

"कशापायी? शिंक हाय ती, चोरी न्हाई!" अण्णा खुर्चीतून उठलेच. "उभ्या हडपसरात माजा फोटो लागल्याबगार येक सन होत न्हाई. कुनाच्या पोराचं बारसं असू द्या, फ्लेक्सच्या खाली मी असतोच. आन् तुमी मला 'येक पुरुष' म्हून छापनार? येक पुरुष तर कुनीबी असतंय! सही व्हनार न्हाई, मॅडम."

अर्धा तास गेला, दोन चहा गेले, अण्णा हलेनात. शेवटी कल्याणी कळवळून म्हणाली, "अहो, नाव नसलं म्हणून काय झालं? सगळ्या भारतातले तुम्ही नोंदलेले पहिले रुग्ण आहात!"

"पयला?" अण्णा खाली बसले. "देशात पयला? पेन आना."

रात्री अण्णांनी कल्याणीच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला होता. मधोमध गॉगल लावलेले अण्णा आणि खाली मजकूर : 'भारतातील पहिले रुग्ण मा. जयसिंगअण्णा यांची आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

कल्याणीने लगेच फोन लावला. "अण्णा, नाव गुप्त ठेवायचं यावर तुम्ही सही केलीत ना?"

"त्येनी छापायचं न्हाई, आसं लिवलंय. आमी छापायचं न्हाई आसं कुटं लिवलंय?"

कल्याणीने तो कागद पुन्हा वाचून काढला. खरोखरच तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. तक्त्यातल्या उभ्या रेघांवर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या त्या मंडळींना हे सुचलं नव्हतं, याचा तिला भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत पांढऱ्या सदऱ्यातले एक दांडगे गृहस्थ नंबर न लावता घुसले. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता. "मी तात्याराव. जयसिंगचा थोरला चुलतभाव," त्यांनी सांगितलं. "त्यो पयला कसा काय झाला, येवडं मला सांगा. मी त्याच्यापरास चार वर्सांनी मोटा. मला त्याच्या आदीपासनं शिंका येत्यात!"

"कसल्या शिंका?" कल्याणीने विचारलं.

तात्यारावांनी तपासणीच्या टेबलावर डबा उघडला. सिस्टर धावत आल्या. "अहो, इथे जेवायला बंदी आहे!"

"त्ये जेवान न्हाई, बाई. पुरावा हाय."

पुराव्यात पाच भाकरी, वांग्याचं भरीत आणि दोन पुडं भरून भात होता. बाहेर रुग्ण ताटकळले होते आणि तात्याराव शांतपणे पुरावा संपवत होते. शेवटचा घास गिळून त्यांनी बोटं चाटली आणि ते शिंकायला लागले. दहा झाल्या. "जयसिंगला नऊच येत्यात," ते अभिमानाने म्हणाले.

कल्याणीने तिथूनच अण्णांना फोन केला. तिचा आवाज पार औषधाच्या दुकानापर्यंत गेला. "घरात कुणाला असा आजार आहे का, असं मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं!"

"मग? आजार कुनालाच न्हाई, देवाच्या किरपेनं."

"आणि शिंका?"

"त्या समद्यांनाच येत्यात की. त्याबगार वाढनारीला कळंल कसं, गडी जेवला म्हून?"

म्हणजे त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिंक आली की वाढणं थांबत होतं आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलेलं नव्हतं. कल्याणीचा देशातला एकमेव रुग्ण भाऊबंदांसकट निघाला. खोटं छापून जागा मिळवावी एवढी ती निर्ढावलेली नव्हती. तिने रडत रडत संस्थेला पत्र लिहिलं, की कौटुंबिक इतिहास चुकला आहे, लेख मागे घेते.

एका शब्दासाठी चार चार दिवस घेणाऱ्या संस्थेचं उत्तर या वेळी दोन तासांत आलं. लेख मागे घेऊ नका, संपूर्ण कुटुंबाचाच लेख करा, असं संपादकांनी लिहिलं होतं. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना भरल्यापोटी तपासा, वंशावळ जोडा, आणि आठवड्यात पाठवलंत तर लगेच परीक्षकाकडे देतो.

आता सगळ्या भावकीला एका दिवशी पोटभर जेवू घालणं आलं. रस्तारुंदीत गेलेल्या बांधावरून अण्णांच्या आणि तात्यारावांच्या घरांनी कित्येक वर्षं एकमेकांकडे पाणी घेतलं नव्हतं. पण आपण नसलो तर दुसऱ्याचं घराणं छापून येईल, या धास्तीने दोघेही तयार झाले. अण्णांच्या मालकीच्या मंगल कार्यालयात मटणाचं जेवण ठरलं. सासरी गेलेल्या लेकीही बोलावल्या. कल्याणी रुग्णालयाची परवानगी घेऊन पोचली आणि टिपणं करायला म्हणून चेतनला लॅपटॉपसकट ओढून घेऊन गेली.

पंगत बसायच्या आधीच वाद लागला. वंशावळीत एक नंबर कुणाचा?

"ज्याच्यापासनं शोध लागला त्याचा," अण्णा म्हणाले.

"थोरल्याचा," तात्याराव गरजले.

"पिढीप्रमाणे आणि वयाप्रमाणे," कल्याणी त्यांच्यापेक्षा मोठ्याने गरजली. "सगळ्यात वडील कोण?"

सगळ्यात वडील होत्या यमुनाबाई, दोघांची सख्खी आत्या. ऐंशीला टेकलेली, वाळकी, चुलीपाशी भाकरी थापणारी. "आत्या, तुम्हालाही जेवल्यावर शिंका येतात?" कल्याणीने विचारलं.

"न्हाई गं बाई. आमाला कशा येतील? त्ये गड्यांचं हाय."

बाकीच्या लेकींनीही माना डोलावल्या. अण्णांची बहीण शालू म्हणाली, "बायांना न्हाई येत कवाच." तात्यारावांची मुलगी ऋतुजा आयटी पार्कात नोकरीला होती. ती म्हणाली, "आय नेव्हर गॉट इट, मॅम. पण मी डाएटवर असते."

पुरुषांची पंगत उठली ती शिंकांच्या गदारोळातच. झाडून सगळे शिंकले, आणि बायकांना तर येतच नाहीत, असं त्यांनीच सांगितलं होतं. कल्याणीचा चेहरा उजळला. फक्त पुरुषांतून चालत आलेलं लक्षण! असं तर जगात कुठे कुणी लिहिलेलं नव्हतं. तिने चेतनला शीर्षक सांगितलं, 'एका कुटुंबातील केवळ पुरुषांत आढळणाऱ्या शिंका'. तात्याराव एक नंबरवर बसले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मग यमुनाबाई म्हणाल्या, "चला बायांनू, आता आपुन बसू. डाक्टरनी, तू बी ये."

कल्याणी त्यांच्या शेजारी बसली. पातेल्यात तळाचा रस्सा आणि हाडं उरली होती. यमुनाबाईंनी अर्धी भाकरी कुस्करली, वर दोन पळ्या रस्सा ओतला, खाल्ली आणि ताटात हात धुतला.

"झालं?"

"झालं की."

"पोट भरलं?"

"भरल्यावानीच हाय."

कल्याणीने बाकीच्या ताटांकडे पाहिलं. शालूने ताटात भात घेतला होता आणि तो निम्मा नातवाला भरवला होता. ऋतुजा काकडी खात होती. कल्याणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ राग आला. तिला अण्णांचा राग आला, तात्यारावांचा आला, आणि 'केवळ पुरुषांत' असं बिनदिक्कत सांगून मोकळ्या झालेल्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

"चेतन, शीर्षक खोड! अण्णा, पुन्हा मटण शिजवा. एकही बाई इथून उठणार नाही. आणि वाढायला सगळे पुरुष उभे राहा!"

"आमी? वाढायचं?" अण्णांनी असं विचारलं, जणू त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितली होती.

"नाहीतर लेख नाही!"

लेख नाही म्हणजे नवा फ्लेक्सही नाही. अण्णांनी उपरणं कमरेला बांधलं. तास-दीड तासाने सगळ्या लेकींच्या ताटांत आधी, गरम आणि वरचं वाढलं गेलं. ऋतुजाचं डाएट कल्याणीने एका दिवसापुरतं रद्द केलं. यमुनाबाई "पुरं, पुरं" म्हणत होत्या आणि कल्याणी "वाढा, वाढा" म्हणत होती. तात्यारावांचा हात मात्र आखडत होता, कारण आत्याला शिंक आली तर एक नंबर जाणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

तिसऱ्या भाकरीला यमुनाबाई थांबल्या. नाक ओढलं. आणि पंगतीतली पाणी वाढणारी पोरं दचकावीत अशी सणसणीत शिंक आली. त्यांनी मागे वळून बघितलं.

"कोन शिंकलं रं?"

"तूच, आत्या," अण्णा म्हणाले.

"मी? ह्ये आमालाबी हुतं व्हय?" असं म्हणेपर्यंत दुसरी आली. पलीकडे शालू सुरू झाली, मग तिच्या पलीकडची, मग ऋतुजा. यमुनाबाई शिंकत होत्या, हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तात्याराव पळी बाजूला ठेवायला लागले, तशा त्या कडाडल्या, "थांबलास का? शिंक आली म्हून काय झालं? मला अजून भूक हाय. वाढ!"

त्या आठवड्यात लेख गेला. यमुनाबाई रुग्ण क्रमांक एक झाल्या. मुलाखतीला चार दिवस उरले असताना संपादकांचं पत्र आलं. लेख परीक्षकाला अतिशय आवडला होता, स्वीकारायला हरकत नव्हती, फक्त एका मुद्द्याचा खुलासा हवा होता. 'या कुटुंबातील पुरुषांत हे लक्षण लहानपणापासून आढळते. स्त्रियांत मात्र ते वयाच्या तेविसाव्या, एकावन्नाव्या, अगदी ऐंशीव्या वर्षीही प्रथमच, आणि सर्वजणींत एकाच दिवशी, एकाच दुपारी आढळले. हे शास्त्रीयदृष्ट्या अनाकलनीय आहे. कृपया कारण द्यावे.'

कल्याणीने दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. रागाच्या भरात लिहिलेलं छापण्याजोगं नव्हतं. शेवटी तिने अण्णांना फोन लावला, पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, "तुमच्या घराण्याचा प्रश्न आहे, अण्णा. उत्तर तुम्हीच द्या. काय कारण लिहू?"

ज्यांना गावातल्या कुठल्याही विषयावर तासभर बोलता यायचं, त्या अण्णांनी या वेळी एका वाक्यात आटपलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"लिवा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "त्या दिशी वाढपी बदललं हुतं."

कल्याणीने तेच इंग्रजीत लिहिलं आणि पाठवून दिलं. स्वीकृतीचं पत्र मुलाखतीच्या आदल्या दिवशी आलं. त्या वाक्यावर कुणी शंका काढलेली नव्हती.