चाळीस नोमान आणि एक शौकतभाई

"सर, हे चाळीस नोमान कुठून मागवायचे?"

सोमवारी सकाळी विजयकुमार रेगे दुबईतल्या जबल अलीच्या गोदामाशी कंपनीच्या बसमधून उतरतोय न उतरतोय, तोच खरेदी विभागातल्या अर्चनाने त्याला गाठलं.

"कोण नोमान?"

"तेच तर विचारतेय. सिस्टिमने ऑर्डर काढलीय. नोमान, चाळीस नग, अर्जंट. मी एचआरला फॉरवर्ड केलं, तर ते म्हणतात व्हिसाचा कोटा सहाचाच शिल्लक आहे."

कंपनीत नोमान एकच होता. दिवसा फोर्कलिफ्ट चालवायचा आणि शनिवारी कंपनीच्या हॉकी टीममधून गोल मारायचा. त्याच्या नावापुढे चाळीसचा आकडा लिहिणारा माणूसही जगात एकच होता, आणि तो आत्ता हातात डबा धरून बसच्या पायरीपाशी उभा होता.

झालं होतं ते असं. कंपनीत पूर्वी एक कॅनडाचा मॅनेजर होता. तिकडे म्हणे हॉकी बर्फावर खेळतात आणि खेळणाऱ्यांपेक्षा घरी बसून गोलांचे अंदाज बांधणारेच जास्त असतात. तो मायदेशी परत गेला, पण जाताना हे खूळ इथे ठेवून गेला. दर सीझनच्या आधी ऑफिसातले चार जण पाळीपाळीने एकेक नाव घेत टीमचे सोळा खेळाडू वाटून घेत. ज्याच्या खेळाडूंचे गोल सर्वांत कमी, त्याने शेवटी सगळ्यांना बिर्याणी घालायची. सलग तीन वर्षं ती विजयकुमारने घातली होती, कारण पहिलं नाव तो दरवर्षी डोळे मिटून घ्यायचा ते एकही गोल न मारणाऱ्या शौकतभाईंचं.

"तू प्लॅनिंग मॅनेजर ना?" अनुपमाने यंदा बायकोच्या हक्काने विचारलं होतं. "मग एकदा तरी प्लॅनिंग करून बघ की!"

बिचाऱ्याने केलं. रमजानमध्ये साबणाचे किती खोके खपतील हे सांगण्यात त्याची हयात गेली होती. मालाच्या तयार तक्त्यात त्याने मालाच्या जागी खेळाडू घातले आणि खपाच्या जागी गेल्या तीन सीझनचे गोल. अंदाज झकास निघाले. नोमान, चाळीस. शौकत परकार, शून्य. शून्याकडे तो थोडा वेळ बघत बसला. वाईट वाटलं, पण आकडा बदलला नाही. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने तो तक्ता सगळे तक्ते ठेवतो त्याच फोल्डरमध्ये ठेवला. सिस्टिम दर सोमवारी सकाळी सहाला ते फोल्डर उघडते आणि ज्याला त्याला आपणहून मेल धाडते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ती सोय त्यानेच करून घेतली होती.

"आणखी कुणाचं काही आलंय?" त्याने घाबरत विचारलं.

"बाबाजींचं क्वालिटीकडे गेलंय. चौदा नग परत आले, दर्जा तपासा."

बाबाजी गोलकीपर होते. त्यांनी खाल्लेले गोल सिस्टिमने परत आलेल्या मालात धरले होते. एरवी विजयकुमार पोट धरून हसला असता.

"आणि शौकतभाई?"

अर्चनाने नजर खाली वळवली. "डेड स्टॉक. तीन सीझन हालचाल नाही, जागा रिकामी करावी. ते डिस्पॅचला गेलं, सर."

डिस्पॅचचे मुख्य होते शौकत परकार.

विजयकुमार गोदामाच्या त्या टोकापर्यंत धावत गेला. शौकतभाई चष्मा लावून बसले होते. समोर छापील कागद होता आणि डेड स्टॉकच्या प्रत्येक कागदावर करायचे तशी त्यांनी खाली सही केली होती.

"शौकतभाई, ती चूक झाली हो! ते फोल्डर—"

"आकडा चुकलाय?"

बड्या साहेबांना त्याने आजवर खोटे आकडे न अडखळता सांगितले होते. या एका माणसापुढे मात्र जीभ रेटेना.

"आकडा... बरोबर आहे."

"मग खलास. जा, चहा घे."

एकोणीस वर्षांपूर्वी विजयकुमार पुण्याहून नवा नवा आला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी खोलीत भिंतीकडे बघत बसायचा. शौकतभाईंनीच त्याला हाताला धरून मैदानावर नेलं होतं. धावणं त्याच्याच्याने होईना, म्हणून कडेला खुर्ची टाकून हातात स्कोअरची वही दिली होती. तेव्हापासून शहनाझभाभींच्या हातची तांदळाची गोड सांदणं दर शनिवारी डब्यातून येत, आणि पहिलं सांदण विजयकुमारचं असे.

त्या शनिवारी शौकतभाई आले नाहीत. डबा मात्र आला. तो घेऊन त्यांचा मुलगा तहा आला होता.

"अब्बा हॅज अ हेडेक, अंकल."

विजयकुमारने सांदण तसंच डब्यात ठेवून झाकण लावलं. मैदानावर सीझनआधीची सरावाची मॅच चालू होती आणि नोमान समोरच्या गोलापाशी कमरेवर हात ठेवून, पत्ता चुकलेल्या पार्सलसारखा उभा होता. पाच-शून्यने हरल्यावर तो येऊन खुर्चीपाशी बसला.

"सर, चालीस छोडो, एक भी नहीं होगा. बॉल तो शौकतभाई देते थे. मैं तो बस आखिरी धक्का मारता था."

रविवारी विजयकुमारने जुन्या वह्या काढल्या. गोल कुणाचा, त्याच्या शेजारी पास कुणाचा, हेही त्याने स्वतःच्या अक्षरात दरवेळी लिहिलं होतं. गेल्या सीझनला नोमानचे एकतीस गोल होते. त्यातल्या सव्वीस गोलांपुढे शौकतभाईंचं नाव होतं. साबणाच्या तक्त्यात माल खपल्याची नोंद असते, तो पोचवला कुणी याचा रकाना नसतो. आणि ही गोष्ट त्याने विसरावी ती डिस्पॅचच्याच माणसाच्या बाबतीत! वह्या काखोटीला मारून त्याने तडक शौकतभाईंचं शारजातलं घर गाठलं.

"या विजयभाई," शहनाझभाभींनी दार उघडलं. "आठवडाभर काही बोललेच नाहीत हे. आता तुम्हीच बघा."

शौकतभाईंनी वह्या चाळल्या. सावकाश, पानन् पान.

"सव्वीस, शौकतभाई! माझ्याच हातचे."

"मला काय नवीन सांगतोस? बॉल मीच दिले ना?" त्यांनी वही मिटली. "माझं शून्य मला दिसतं रे. गुडघा माझाच आहे. पण दरवर्षी तू पहिलं नाव माझं घ्यायचास. बिर्याणी घालायचास, पण घ्यायचास. या वर्षी तू आधी हिशेब केलास."

"मंगळवारी नावं घ्यायचीत. मी पहिलं तुमचंच—"

"आता घेशील रे. सव्वीस दिसल्यावर कोणीही घेईल." ते थोडे हसले. "स्टिक मी कालच नोमानकडे पाठवली. खेळ थांबवायची वेळ झालीच होती, कुणीतरी सांगायला हवं होतं. सिस्टिमने सांगितलं. तू सांगायला हवं होतंस, विजय."

विजयकुमारने वह्या पुन्हा काखोटीला मारल्या. घरी परतताना वह्या त्याला जड लागल्या.

मंगळवारी त्याने पहिलं नाव घेतलं ते शौकत परकारांचंच. "सर, ते खेळणार नाहीयेत," असं अर्चनाने दोनदा सांगून पाहिलं. सीझन सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरातच बिर्याणी त्याच्या नावावर लागली. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. हेच नाव आठ दिवस आधी, वह्या न उघडता घ्यायला हवं होतं, एवढंच त्याला राहून राहून वाटत होतं.

पुढच्या सोमवारी अर्चना पुन्हा दारात उभी.

"सर, सिस्टिमचा नवा मेल आलाय. या वेळी तुमच्यावर आहे."

कुणीतरी फोल्डरमध्ये एक नवा तक्ता ठेवला होता. त्यात माल एकच होता. विजयकुमार रेगे. एकोणीस सीझन, मैदानाच्या कडेला. धावला, शून्य वेळा. डेड स्टॉक, जागा रिकामी करावी. खाली डिस्पॅचच्या मुख्यांचा शेरा होता: "हा माल हलवू नये. शनिवारपासून त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची लागेल."

विजयकुमारने चष्मा काढून पुसला. एकदा पुसून भागलं नाही.

"अर्चना, एका खुर्चीची ऑर्डर काढ."

"किती नग, सर?"

"एक खुर्ची म्हटलं ना? एकच," तो म्हणाला. "आणि सिस्टिमला विचारायला जाऊ नकोस."