गाव, जनावर, दुखणं

मुलाणीकाकांच्या कॉम्प्युटरमध्ये चार हजारांवर फोटो होते, आणि त्यांत एकाही माणसाचं नाव नव्हतं. आधी गावाचं फोल्डर, त्यात जनावराचं, त्यात दुखण्याचं. पासली, हरणी, शिंग. शिवरे, मोत्या, खूर. एकदा एक माजी सरपंच स्वतःचा फोटो मागायला आले, तर काकांनी चष्म्यावरून बघत त्यांना विचारलं, "कुठल्या म्हशीबरोबर व्हता तुमी?"

मी म्हटलं, "काका, माणसांच्या नावानं लावा की. शोधायला सोपं."

"माणसाचा भरवसा न्हाई, ताई. लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, निवडणूक आली की गड्याचा पक्ष बदलतो. जनावर मरंस्तोवर एका नावावर ऱ्हातं."

काका वेल्ह्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. कागदोपत्री पद व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारा. पण डोंगरातली गावं त्यांना डॉक्टरच म्हणायची. निवृत्त होऊन ते भोरला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं त्यांना डिजिटल कॅमेरा दिला. "फिरायला जा, फोटो काढा," म्हणाला. काका फिरायला गेलेही, पण एसटीनं, औषधांची पिशवी घेऊन, जुन्या पेशंटांकडे. पहिल्या दिवशी जखमेचा फोटो, आठव्या दिवशी एक, एकविसाव्या दिवशी एक. फोटोत मालक आलाच तर तो दोर धरायला.

मी घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायची. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरची डॉक्टर मी.

फोटो वाढत चालले, तशी मी त्यांना सीडी करायला शिकवलं. एक करून दिली, तर म्हणाले, "अजून एक." पूर्वी लसीकरणाला जाताना त्यांचा थर्मास घाटात फुटला होता आणि सगळी लस वाया गेली होती. तेव्हापासून ते लस कायम दोन थर्मासांत न्यायचे, आणि दुसरा थर्मास दुसऱ्या माणसाच्या हातात. इथंही तेच. एक संच घरच्या कपाटात, प्रत्येक सीडीवर खळीनं चिकटवलेला कागद, त्यावर सुंदर अक्षरात गावाचं नाव. दुसरा संच बिनाकागदाचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, थेट पासलीला, हरणीच्या मालकीण ताराबाईंच्या घरी. पासलीच का? तर त्या घरातली वस्तू कधी हरवत नाही. वर्षातून एकदा पासलीला जाऊन ते डबा उघडत आणि एकेक सीडी उन्हात तिरकी धरून बघत. बैलाचे दात बघावेत तशी.

एका मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि काकांचा कॉम्प्युटर गेला. मलाच धडकी भरली. काका शांत. "सीडी हायेत की," म्हणाले, आणि भाचा नवा कॉम्प्युटर आणेपर्यंत कपाट उघडलंसुद्धा नाही.

तो आला दसऱ्यानंतर. त्याच आठवड्यात पासलीहून ताराबाईंचा मुलगा मारुती आला. डोकं भादरलेलं. चार दिवसांपूर्वी ताराबाई गेल्या होत्या.

"डॉक्टर, दहाव्याला फोटू पायजे आईचा. घरात एक न्हाई. लग्नकार्यात ती चुलीम्होरंच असायची. मतदानाच्या कार्डावर हाय, पर ती आमची आई वाटंना." मग म्हणाला, "आमच्या हरणीचा फोटू हाय न्हवं तुमच्याकडं? शिंग मोडलं तवाचा? दोर आईनं धरला व्हता."

काकांनी मला हाक मारली आणि कपाट उघडलं. पावसाळ्याच्या ओलीनं लेबलं फुगून सुटली होती. पासलीची सीडी हातात घेतली, तर कागद निघाला आणि त्याच्याबरोबर सीडीची चांदीही. आरपार दिसायला लागलं.

"हरकत न्हाई," काका म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. "मारुती, तुमच्याकडं डबा हाय."

मारुती जमिनीकडे बघायला लागला. "डबा हाय. आत खोबरं हाय. भात भरत आलं आन् पाखरं लई पडली. सीडी चमकती, पाखरू भितं, असं आईला कुणी तरी सांगितलं. तिनंच टांगल्या."

तसेच तिघं एसटीनं निघालो. पासलीला ताराबाईंच्या खाचरात, पिवळ्या पडत चाललेल्या भातावर, दोन तालुक्यांची जनावरं सुतळीला बांधून गरगर फिरत होती. काका चप्पल काढून बांधावरून गेले आणि एकेक सीडी सोडवून धोतराच्या फडक्यात ठेवत गेले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "गाठी किती चांगल्या मारल्यात बघा."

घरी आणून मी त्या धुतल्या, पुसल्या आणि लावायला बसले. पहिल्या तीन उघडल्याच नाहीत. चौथी घरघरली, थांबली, परत घरघरली, आणि हळूहळू पासली उघडली. हरणी. शिंग. दोन फोटो कोरेच आले. तिसरा आला. हरणी मान वळवून ताराबाईंचा दंड चाटत होती, आणि ताराबाई पदर सावरत तोंडभर हसत होत्या.

मारुती पडद्याला हात लावून म्हणाला, "व्हय. ही आई."

भिंतीवर लावायला गाय वगळावी लागणार होती. इतकी वर्षं ज्यांनी मला एका शेपटीचं टोकही कापू दिलं नव्हतं, त्यांच्याकडे मी बघितलं.

"कापा," काका म्हणाले. "हरणी बरी झाली व्हती."

मारुती फोटो घेऊन गेला. काका मात्र खुर्चीतून उठले नाहीत.

"ताई, कॅमेरा आला तवा हमिदा व्हती. पुढं दोन वर्षं व्हती."

हमिदाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

"एक फोटो न्हाई काढला. काय दुखलं, खुपलं, बोललीच न्हाई कधी. आन् आमच्या घरात जनावर नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पोरीच्या वाढदिवसाला यायची ती. तुमच्या फोटोत मागं कुठं असली, तर जरा बघता का?"

माझे फोटो म्हणजे नुसते आकडे. गाव नाही, नाव नाही, काही नाही. तीन दिवस दुपारी बसून एकेक उघडला. एका फोटोत पुढे केक, केकवर वाकलेली पोरं, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात, कुणाला तरी बशी देताना, हमिदाकाकू. नखाएवढ्या.

काकांना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"मोठा करा."

केला.

"अजून."

करत गेले. साडीची फुलं आली, कानातलं आलं, मग गाल आला, आणि मग त्या गालाचे चौकोन चौकोन झाले. पडद्यावर कुणीच राहिलं नाही.

"आता जरा मागं घ्या."

मी एकेक पायरी मागं घेत गेले. चौकोन जुळत जुळत पुन्हा चेहरा झाला, तसा काकांनी हात वर केला.

"हितंच ऱ्हाऊ द्या."